उष्टावणाची मेंदी

माय,

अक्षर मोठं काढून राहिलो. साक्षरतेच्या वर्गात शिकलीस, तर हे तूच वाच. शेजारच्या कमलबाईकडून वाचून घेऊ नको.

तू बाजाराला गेलीस आणि मागं पोरीला धाप लागली, म्हणून आम्ही जीपनं नांदेडला निघालो. तिच्या हृदयाला छिद्र आहे, रोज नखं बघा, निळी पडली की घरी थांबू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. उष्टावणाला आलेल्या बायकांनी पोर आजारी म्हणून नावं ठेवू नयेत, म्हणून तू त्याच नखांना मेंदी लावलीस. बायका फसल्या. रोज सकाळी ती लाल नखं बघून मीही फसलो, आणि मी तर एम.ए. आहे. आज ओठ निळे झाले तेव्हा उजेड पडला.

तुझ्यावर राग न्हाई. असला तरी परत आल्यावर बघू. तुझी सून शीतल मघापासून नखांवर लिंबू घासून राहिली, पण रंग जात न्हाई. लय चांगली रंगली, माय.

भाकरी टोपल्यात आहे, खाऊन घे. बांधलेला पाळणा सोडू नको. आणि गोरेगावच्या बाजारातून तिच्यासाठी चांदीचे वाळे घेऊन येशील, ते परत करायला जाऊ नको.

सुदाम