पाचव्या दिवसाची हमी नाही

दापोरा, जि. बुऱ्हाणपूर

प्रिय विपुल,

अनेक आशीर्वाद. मी रागावले तरी ते परत घेता येत नाहीत. राग मात्र दोन वर्षं झाली तरी उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतोस आणि मीटिंग आली म्हणून ठेवतोस. कागदाला मीटिंग नसते.

इथे सगळे बरे आहेत. केळी यंदा चांगली पोसली. मी अजून दर शनिवारी बसने बुऱ्हाणपूरला जाऊन वाचनालयातून पुस्तक आणते. हे वेड तुझंच. तू पाचवीत आमच्याकडे राहायला आलास तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तू शाळेत गेलास की तुझी जुनी पुस्तकं घेऊन चुलीपाशी बसायची. तू हिंदीच्या निबंधात लिहिलं होतंस, 'हमारी गाय पूर्णतः सफेद है।' मी कौतुकाने वाचून दाखवलं तर तुझे मावसा पोट धरून हसले. म्हणाले, "अरे साहेब, शेपटी काळी आहे ना तिची! तिचं काय?" तू रुसलास, पण शब्द सोडला नाहीस. पुढे दिल्लीला नोकरीला लागलास, सीमेवर काय चाललंय ते सरकारतर्फे लोकांना सांगायची निवेदनं लिहू लागलास, तेव्हा मी ते अख्ख्या गल्लीला ऐकवलं. मोबाइलवर निवेदन आलं आणि त्यात 'पूर्णतः' दिसलं की मी म्हणायची, हे आमच्या विपुलचं.

दगा आठवतो ना, केळी कापणारा? ट्रक भरला की तो घडाला हात लावून ड्रायव्हरला सांगतो, "चार दिवसांचा माल आहे. पाचव्याची हमी नाही." शेतमालक डोळे वटारतो, व्यापारी भाव पाडतो, तरी दगा हेच सांगतो. कारण माल घेऊन रस्त्यावर दगा नसतो, ड्रायव्हर असतो. दगा शाळेची पायरी चढला नाही. तुम्हा लोकांत एवढे शिकलेले, आणि तिथे एकही दगा नाही?

तुला वाटतं, मावशीला यातलं काय कळतं. फौज कुठे आहे, तोफा किती, ते मला नकोच. ते लपवा, लपवायलाच हवं. पण ज्या रस्त्याने आमची माणसं जातात तो धोक्याचा आहे, हे कोणापासून लपवता? समोरच्या देशाला ते ठाऊकच असतं, गोळे तोच टाकतो. ठाऊक नसतं ते फक्त आम्हाला. मावसांच्या तेराव्याला तू आलास आणि मान खाली घालून म्हणालास, "मावशी, घबराट पसरू नये म्हणून तसं लिहावं लागतं." तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. आज सांगते. घाबरलेला माणूस ट्रक बाजूला लावतो, विपुल. घाबरलेला माणूस घरी येतो.

आणि नंतरचं तुमचं निवेदन! 'एक वाहन को आंशिक क्षति।' ट्रकचं मोडलं ते तुम्ही मोजलंत. त्यात बसलेला माणूस त्या ओळीत कुठेच नाही. मी तीनदा वाचलं, वाटलं पान उलटायचं राहिलं असेल.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी मावसा ट्रक घेऊन मंडीला जाताना सीमेच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबले होते. मालाचा चौथा दिवस होता. बाकीचे ड्रायव्हर म्हणत होते, पुढे गोळे पडतायत, जाऊ नका. यांनी मला फोन केला, "बघ गं, तुझ्या विपुलने काय लिहिलंय." मी वाचून दाखवलं, 'मार्ग पूर्णतः सुरक्षित है। अफवाहों पर ध्यान न दें।' हे हसले. म्हणाले, "पण शेपटीचं काय?" मला राग आला. मी म्हणाले, "माझा भाचा खोटं लिहील का? निघा तुम्ही." ते निघाले. तू लिहिलंस आणि मी वाचलं. तुझ्यावर रागावताना त्यातला निम्मा राग कुणावर आहे, ते मला ठाऊक आहे.

हे आज लिहायचं कारण असं. जसोंडी गावचा कडू ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात सोमवारी माल भरून त्याच मंडीला निघतोय. काल त्याची बायको योगिता मोबाइल घेऊन आली. म्हणाली, "काकू, नवीन निवेदन आलंय. तुम्ही वाचून सांगा, तुमचा भाचा तिथे आहे ना." तेच वाक्य होतं, तोच शब्द होता. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. ती उद्या येते म्हणून गेली. ती रोज येईल. मी पुन्हा ते वाक्य कोणाच्या नवऱ्याला वाचून दाखवणार नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, सोमवारच्या आत उत्तर दे. नोकरीची अडचण असेल तर जास्त लिहू नकोस. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं लिही, तेही मी तिला वाचून दाखवीन. शेपटी काळी आहे का, एवढंच मला कळव.

तुझीच,
मथुरामावशी