मोठ्यानं म्हटलेला मंत्र

अमरावती, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज मी माहा मंत्र मोठ्यानं म्हटला. काहून म्हटला?

अकोल्याच्या महाराजांनी तो मले शालीखाली घेऊन कानात दिला होता. बजावलं होतं, "कोणाले सांगू नको, ओठही हलवू नको." छातीत धडधड सुरू झाली का मी तोच मनात धरत होतो. त्याच्याच भरवशावर तर रात्री निघत होत्या.

इथल्या योगाच्या क्लासमधल्या मॅडमची रीत उलटी. आधी मोठ्यानं, मंग ओठात, मंग मनात. आज त्या म्हणाल्या, "ज्याचा त्याचा मंत्र म्हणा, लाजता काय?" सगळे म्हणून राहिले होते. मीही म्हटला. खणखणीत.

घरी येईपर्यंत धडधड सुरू. मंत्र आठवते, पण धरता येत नाही, नुसते शब्द लागतात. कोणतंही वाक्य शब्द सुटे करून पाहायची सवय मले, तसा हा मंत्रही मोडला का? आणि खणखणीत काहून? हळू तरी म्हणायचा!

आई बाजारासाठी झेंडूचे हार ओवून राहिली होती. तिचाही मंत्र त्याच महाराजांचा. तिले सांगितलं तर हसली.

"मंत्र काय दुधावरची साय हाये, फुंकली का उडाली? येडा हायेस बाप्पा. जेवून घे."

जरा बरं वाटलं. म्हटलं, "मंग तुहा सांग ना मले."

आईचं हसणं थांबलं. सुई फुलातच राहिली. "हात धुऊन ये," एवढंच म्हणाली.

मी हे लिहून राहिलो, तरी ती अजून माह्याकडं पाहून नाही राहिली.