डाव्या मनगटाखालची करकर

२ नोव्हें. ९८, सोमवार
सकाळी टायपिंग क्लास, दुपारी वडापच्या जीपने काटेवाडीला, तात्यांकडे. तात्या पुस्तकासाठी कालव्यावरच्या नोकरीच्या आठवणी सांगतात, मी टाइप करते; आज जेमतेम पाऊण पान झालं. दोष सगळा लॅपटॉपचा. डावं मनगट टेकलं की करकरतो. आवाज अगदी जुन्या दाराच्या बिजागरीचा. तात्यांना दिसत नाही (काचबिंदू, दोन्ही डोळे), त्यामुळे दर वेळी बोलणं थांबवून मान दाराकडे. "कोन आलं?"
कुणी नाही तात्या, लॅपटॉप आहे.
"बरं. कुठं व्हतो मी?"
मी शेवटचं वाक्य वाचून दाखवते. परत सुरू. परत करकर. परत दाराकडे मान.

४ नोव्हें., बुध.
मनगटं अधांतरी ठेवून टाइप केलं. करकर नाही, पण अर्ध्या तासात दंड भरून आले. तात्यांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, "भरतनाट्यम् चाललंय व्हय गं?" तात्यांना सांगितल्यावर तेही हसले.
आजचं प्रकरण चांगलं रंगलं होतं. तात्या कालव्यावर नवीन नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. पाण्याची पाळी संपली, गेट बंद करायला गेले, तर एक बाई गेटच्या चाकावर मांडी घालून बसलेली. म्हणते, माझा ऊस भिजल्याशिवाय उठणार नाही. तात्या पुढं सांगणार, एवढ्यात दमलेला हात खाली टेकला. करर्र. "कोन आलं?"
आणि मग "ऱ्हाऊ दे ते. पाळीपत्रकाचं लिही."
त्या बाईचं काय झालं? घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

५ नोव्हें.
बाईचं विचारलं. "सांगंन कवातरी." गोष्ट तुटली की तात्या तिच्याकडे परत वळत नाहीत, हे आता कळलं. म्हणजे करकर बंद झालीच पाहिजे. नाहीतर पुस्तकात नुसती पाळीपत्रकंच (कुणाला पाणी कधी, त्याचे तक्ते) राहतील.
जाताना काकींना हळूच विचारलं, ती बाई तुम्हीच की काय? काकी खो खो हसल्या. "मी कशाला चाकावर बसू? माझ्या माहेरला विहीर हाय."

७ नोव्हें., शनि.
स्वच्छ प्रत काढायला म्हणून लॅपटॉप घरी आणला. अब्बांच्या दुकानात शिलाई मशीनचं तेल असतं, त्याचा एक थेंब डाव्या फटीत सोडला. अब्बा नको म्हणत होते. "लोखंडाचं औषध आहे ते, प्लास्टिकला कशाला?" पण बंद झाला आवाज! दिवसभर फुशारकी मारली.

९ नोव्हें., सोम.
तेल वाळलं की काय कोण जाणे, करकर डबल. शिवाय फटीभोवती धूळ चिकटून काळी किनार. तात्या वास घेऊन म्हणाले, "हितं शिंपी बसलाय का?"
खरं म्हणजे चिडले नाहीत. पण दोन वेळा उठून बाहेर जाऊन बसले. मी पाटाकडं बघत बसले. (लाकडी पाट नव्हे, पाण्याचा. त्यांच्या खिडकीतनं दिसतो.)

१० नोव्हें.
आज चूक झाली. चांगलीच.
लॅपटॉप परत घरी आणला होता; खालचे स्क्रू ढिले असतील म्हणून मशीनच्या छोट्या पेचकसने आवळत गेले. डाव्या कोपऱ्याचा फिरतच राहिला, म्हणून जोर लावला. टच्. कोपऱ्याला केसासारखी चीर.
लॅपटॉप तात्यांच्या मुलाचा. अविनाशदादा पुण्यात कंपनीत आहेत, त्यांनी वडिलांना पुस्तक लिहिता यावं म्हणून दिलेला. बारामतीत असली वस्तू कुणाकडं नाही.
रात्रीचं जेवण गेलं नाही. अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, उद्या जाऊन आधी सांग, मग रड.

११ नोव्हें., बुध.
सांगितलं. तात्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, चिरेवरनं नख फिरवलं. "एवढीच व्हय? आमच्या गेटांला ह्याच्या धा पट व्हत्या, तरी पानी अडत व्हतं." मग काकींना सांगून मला पुण्याचा नंबर दिला.
एस.टी.डी. बूथवरनं दादांना फोन. मी सगळं एका दमात सांगितलं. पलीकडनं हसू. "अगं, तो पहिल्यापासूनच करकरतो. मी त्या आवाजाला कंटाळूनच तात्यांना दिला!"
मला आधी हायसं वाटलं. बूथमधून बाहेर आल्यावर राग आला.
दादांनी सांगितलंय, उघड बिनधास्त. आधी बॅटरी काढ. कुठल्या तरी दोन कडा एकमेकींवर घासत असणार, त्यांच्यामध्ये काहीतरी मऊ घाल.

१५ नोव्हें., रवि.
आज घरी ऑपरेशन. दुपारी चटई, वर पांढरी चादर. अम्मीच्या हातात स्क्रूंची वाटी. "उरला एखादा तर माझ्याकडं बघू नको."
उघडण्यापूर्वी एका बोटाने जागोजागी दाबून, कान लावून बघितलं. उजवीकडं काही नाही. मध्ये थोडा. डावीकडं, मनगटाच्या बरोबर खाली, बोलतो. मग खालचा भाग सोडवला. आत वरच्या आणि खालच्या झाकणाच्या कडा भेटतात तिथं एक जागा घासून चकाकत होती. हीच ती! एवढीशी जागा, नखाएवढी.
अब्बांनी कॉलरला घालतात त्या जाड बक्रमची पट्टी कापून दिली. जाड झाली, झाकण बसेना, बटणं वर आली. मग अस्तराची पट्टी. कोटाच्या आत घालतात ते तलम. तेलाची काळी किनार पुसून काढली, पट्टी डिंकाच्या एका ठिपक्यानं चिकटवली, झाकण बसवलं.
दाबलं. शांत.
परत दाबलं. अम्मीनं दाबून बघितलं. अब्बांनी दाबून बघितलं, आणि दुकानात गिऱ्हाईक आल्यावर त्यालाही दाबायला लावलं.
एक स्क्रू उरलाय. अम्मी छताकडं बघत होती.

१६ नोव्हें., सोम.
आनंदात गेले. तात्या बोलायला लागले, मी टाइप करायला. एक वाक्य, दोन वाक्यं. मग थांबले.
"शाहीन?"
हो तात्या.
"हाईस व्हय? मला वाटलं गेलीस."
लॅपटॉपची बटणं मऊ, आवाजच नाही. आता त्यांना कळेना मी लिहितेय की खिडकीतनं बघत बसलेय. दर दोन वाक्यांनी "लिवलंस?" पहिल्यापेक्षा कमी झालं आज. अर्धं पान.
काकी स्वयंपाकघरातनं, "काढून टाक गं ते अस्तर."
मला हसावं की रडावं कळेना. अस्तर काही काढणार नाही.

१७ नोव्हें.
युक्ती. वाक्य संपलं की मी "हं" म्हणते. एवढंच. चाललं! पावणेदोन पानं.

२४ नोव्हें., मंगळ.
रोज दोन पानांच्या वर. आज गंमत. अधिकाऱ्यांच्या तपासणीचं सांगत होते, त्यात म्हणाले की सगळं पाणी नियमानं जात होतं. मी हं म्हटलं.
तात्या थांबले. "ह्यो हं येगळा हाय. पटलं न्हाय तुला."
नाही पटलं तात्या.
"का?"
मी म्हटलं, आजोळ इंदापूरकडं आहे आमचं, मामा सांगतात की पाटाच्या टोकाकडच्या शेवटच्या चाऱ्यांना पाणी पोचायचंच नाही.
मला वाटलं चुकलं. मग म्हणाले, "खोड ते वाक्य. खरं लिहू." आणि शेवटच्या चाऱ्यांचं सांगायला लागले, तिथल्या बायका रिकाम्या पाटात कशा वाट बघत बसायच्या ते. तीन पानं झाली. बोटं दुखली. असं दुखणं रोज चालेल.

३ डिसें., गुरु.
चाकावरच्या बाईची गोष्ट मिळाली!!
मी काही विचारलं नव्हतं. आपसूकच वळले तिकडं. "तर ती उठंना. मी म्हनलं, बाई, नोकरी जाईल माझी. ती म्हनली, माझा ऊस जाईल. दोगंबी बसलो मग. तिनं फडकं सोडलं, भाकरी काढली, अर्दी मला दिली. वाफा भरला तशी उठली. म्हनली, कर आता बंद. मी चाकाला हात घातला, तर ते हलंना. गंज खाल्लेलं, आन् मी नवा. तिनं पदर खवला आन् एका दमात चाक फिरवून गेट बंद केलं. माझ्याकडं बघून म्हनली, भाकरी खात जा."
मी टाइप करायचं विसरले. तात्यांना कळलं. "हं ऱ्हायला तुझा."
नाव काय तिचं?
"इचारलंच न्हाय गं."
काकी दारात येऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनाही ही गोष्ट माहीत नव्हती. "सरकारी माणसाला बाईनं भाकर घालावी लागली," म्हणून आत गेल्या. संध्याकाळी निघताना मला डब्यात भाकरी-पिठलं बांधून दिलं, का ते सांगितलं नाही.

२३ डिसें., बुध.
रोजे सुरू. काकींनी माझ्यासमोर चहा घेणं बंद केलंय. मी म्हटलं घ्या हो. "तू कोरड्या तोंडानं लिहिणार आन् आमी घुटके घेणार?" तात्या मात्र घेतात, पण आत जाऊन, चोरून, आणि बशीचा आवाज मला ऐकू येतो.
चारलाच सोडतात हल्ली. पहिल्या भागाची प्रत निघाली. अविनाशदादांनी पुण्याहून छापून आणली. तात्यांनी गठ्ठा छातीशी धरला, मग वजन करत असल्यासारखा तळहातावर घेतला. दादांनी लॅपटॉप दाबून बघितला आणि माझ्याकडं बघून कोपरापासून नमस्कार केला.

५ जाने. ९९, मंगळ.
क्लासच्या सरांनी बातमी आणली. लोणी देवकरला नवीन कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर हवी. त्यांनी माझं नाव सुचवलं. अब्बांनी दुकानातल्या मशीनचं चाक थांबवून सगळं ऐकलं. कायमची नोकरी, जायला-यायला कंपनीची गाडी. अम्मी लगेच दुवा मागायला बसली.
मलाही हवीय. लिहून ठेवते म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. हवीय.

१४ जाने.
इंटरव्ह्यू झाला. मराठी टायपिंगचा वेग बघून साहेब दोनदा घड्याळाकडं बघत होते. तात्यांचा उपकार आहे हा. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२१ जाने., गुरु.
ईद झाली. शिरखुर्म्याचा डबा घेऊन काटेवाडीला. तात्यांनी दोन वाट्या खाल्ल्या, काकींनी तिसरी हातातून काढून घेतली.
सरांचा निरोप आला, लोणीला निवड झाली. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.
तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "झाक झालं. जा." पटकन म्हणाले. मग विचारलं, "गाडी किती वाजता सोडती परत?" सात. "रविवारी सुट्टी असंल न्हवं?" असेल. मग कालव्याच्या भरावाचं लिहायला घेतलं, पण दोन ओळींतच कंटाळले.
काकी निघताना दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्यांचं मनावर घिऊ नको. तुझ्या घरचं बघ." हात मात्र सोडेनात.
एक रविवार म्हणजे किती पानं? आणि आठवडाभर बोलायचं राहिलं तर तात्यांच्या गोष्टी तुटतील का?

२३ जाने., शनि.
आज तात्या आधीच खुर्चीत बसून होते. आंघोळ, धुतलेला सदरा. मी बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "नवीन प्रकरण घे. डोळ्याचं."
आजपर्यंत हा विषय त्यांनी कधी काढला नव्हता. काकी भांडी घासत होत्या, त्या थांबल्या.
सावकाश बोलले. सेवेतला शेवटचा महिना. कडेनं धुकं आल्यासारखं व्हायचं, त्यांना वाटायचं पाटावरचं धुकं आहे. कुणाला बोलले नाहीत. रोज आपले तसेच गेटवर. मी नुसती लिहीत गेले. मध्ये एकदाही 'हं' म्हणायचं सुचलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.
मग एका वाक्याच्या मध्येच थांबले. दोन्ही हात गुडघ्यांवर. वडापचा हॉर्न वाजला, तरी मी उठले नाही.
"आज एवढंच ऱ्हाऊ दे," म्हणाले. आवाज चांगला होता, रडका नव्हता. उलट हलकं वाटत असावं.
घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, "काय ठरवलंस?" मी म्हटलं, सोमवारी सांगते. ते म्हणाले, बरं. आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडं दिला.
शेवटचं वाक्य आहे तसंच सेव्ह केलंय: 'त्या दिवशी सकाळी मी गेटवर गेलो, खाली वाकून बघितलं, तर पाणी'
पुढं क्रियापद यायचंय.