सेरेन, एम्रिस आणि तिसरं नातवंड

मी, वाल्मिक आबाजी औटी, वय सत्तावन्न, व्यवसाय तालुका वार्ताहर, राहणार पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि मागे उभं राहून कोणीही सांगत नसताना हे मृत्युपत्र करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटाबद्दल त्याच डॉक्टरांचं मत वाईट आहे. यंदाचा पावसाळा मी बघेन असं त्यांना वाटत नाही. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत असं लिहिण्याची रीत आहे, पण हे माझं पहिलंच.

कलम १. बँकेतील शिल्लक थोरली बहीण साळूबाई हिला. तिने ती देवाला देऊ नये, दात बसवून घ्यावेत.

कलम २. मोपेड आणि कॅमेरा मित्र अल्लाबक्ष शेख याला. मोपेड फक्त उतारावर सुरू होते. हे त्याला सांगायला नको, ढकलायला तोच असतो. शेजारी बिभीषण याने कुंपण सरकवत सरकवत आमच्या अंगणात आणलं, ती जागा त्याला माफ. चाफा तोडला, तो माफ नाही.

कलम ३. संस्कृत कोश आणि व्याकरणाची पुस्तकं जावई गेथिन याला. हा वेल्सचा. माझी एकुलती एक मुलगी पंकजा तिकडे स्वॉन्सी गावात नर्स आहे. गेथिन या नावाचा अर्थ सावळा, असं त्यानेच सांगितलं. स्वतःचा रंग ताकासारखा. पण माणूस भला आहे. पंकजाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्याने मला त्यांच्याकडची जुनी, आवडती नावं म्हणून दाखवली. रीस, ओवेन, एम्रिस, इद्रिस; मुलींची कॅरिस, ब्रॉनवेन, सेरेन. इद्रिस ऐकून अल्लाबक्ष म्हणाला, "हे तर आमच्या चुलत्याचं नाव. त्यांच्याकडं कधी गेलं?" लेवेलिन या नावाचा पहिला वर्ण तर अजब. जीभ ल म्हणायला लावायची आणि बाजूंनी नुसता वारा सोडायचा. आमच्या संस्कृत पाठशाळेतल्या आचार्यांनी तो ऐकला असता तर मला आणखी चार सूत्रं पाठ करावी लागली असती.

मी म्हणालो, "जावईबापू, आमच्यात जन्माआधी नाव ठेवत नाहीत. बारशाला आत्या ठेवते."

पंकजाने भाषांतर केलं. तो म्हणाला, मग इतके महिने बाळाला हाक काय मारायची?

त्याच दिवशी दोघांनी ठरवून टाकलं. मुलगी झाली तर सेरेन, म्हणजे तारा. मुलगा झाला तर एम्रिस, म्हणजे कधीही न मरणारा. आपल्या अमृताचाच लांबचा भाऊबंद.

कलम ४. सेरेन चौथ्या महिन्यात गेली. पुढच्या वर्षी एम्रिस पाचव्यात गेला. या दोघांना मला काही द्यायचं होतं. वकील म्हणाले, "पोटातल्या जिवाला देता येतं, औटीसाहेब. गेलेल्याला नाही." इतक्या लवकर गेलेल्यांची तिकडे जन्माला नोंद नाही, मृत्यूलाही नाही. म्हणून काही न देता फक्त लिहितो: सेरेन, मुलगी, माझी थोरली नात. एम्रिस, मुलगा, माझा नातू. हे मृत्युपत्र नोंदवणार आहे, आता एका सरकारी दस्तात ही नावं राहतील.

कलम ५. पंकजाला पुन्हा दिवस गेले आहेत. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"अण्णा, गेथिन आता नावं काढत नाही."

"मग पोटातल्याला काय म्हणता?"

"काहीच नाही."

साळूबाई शेजारीच बसली होती. तिने फोन ओढून घेतला. "पंके, लई गोड नावं ठिवली तुमी. काळ दाराभाईर कान लावून असतो, म्हनून ऱ्हाईली न्हाईत. आता केरू म्हन."

"आत्या, काहीतरीच काय!"

"व्हय, केरू. माज्या सासूची चार गेली. पाचवं केरावर ठिवलं, केरू म्हनलं, त्ये जगलं. त्योच माजा नवरा. सत्तर वरसं जगला आन् लई तरास दिला मला."

मी म्हणालो, "आक्का, हे असलं मी पेपरात खोडून काढत आलोय."

"तुज्या पेपरानं कुनाचं पोर जगलं, सांग."

तिकडून पंकजाने गेथिनला समजावलं. त्याने गंभीरपणे विचारलं, केर म्हणजे कुठला? आमच्या दारात तीन रंगांचे डबे आहेत. पंकजा हसली. एम्रिस गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

कलम ६. माझं राहतं घर मी माझं तिसरं नातवंड केरू याला देतो. मुलगा असो वा मुलगी, या दस्तात नाव केरू. अंधश्रद्धेवर मी आयुष्यभर जे लिहिलं ते मागे घेत नाही, आणि हे कलमही मागे घेत नाही. जन्मल्यावर आईबापांनी लेवेलिन म्हणावं, कॅरिस म्हणावं. तोवर कोणी विचारलं तर केरू.

केरू न आल्यास घर पंकजाला. हे वाक्य वकिलांनी घालायला लावलं. गेल्या आठवड्यात पंकजाला पुन्हा रक्त दिसलं आणि आशा धरू नका, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. तेव्हा अमलात येईल ते हेच वाक्य, असं मला वाटतं. तरी त्याला दुसरी जागा दिली आहे.

माझ्यामागे हा दस्त जो वाचून दाखवेल त्याने हे सहावं कलम मोठ्याने वाचावं. नाव ऐकून कोणाला हसू आलं तर दाबू नये. दाराबाहेर कोणी कान लावून असेल तर त्याला ऐकू जाईल, असं हसावं.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

वाल्मिक आबाजी औटी

आमच्यासमक्ष सही झाली म्हणून साक्षीदार:
१. अल्लाबक्ष मेहताब शेख, पारनेर
२. गोरक्ष कारभारी ठुबे, पारनेर

ठिकाण: पारनेर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५