ओठांतले आकडे

सोमवार, ३ मार्च

आज पकडले गेले असते!

नवे पेशंट आले — गुडघा बदललेले काका. तीस वर्षं कापडगिरणीच्या विणखात्यात मागांवर काढली, त्या खडखडाटात कान गेले. मी पाठीमागून काही विचारलं की उत्तरच नाही. "तोंड समोर ठेवून बोल, डॉक्टरीणबाई," म्हणाले. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे दोनदा सांगितलं. ते मात्र ऐकू आलं नाही. सोयीचा बहिरेपणा!

गुडघा साठ अंशांवर अडकलाय. असा गुडघा दाबून वाकवायला घेतला की भलेभले ओरडतात. हे ओरडत नाहीत. टेबलाची कड घट्ट धरतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. आणि मी नेहमीप्रमाणे ओठांतल्या ओठांत प्रार्थना करते. प्रभू येशू, या काकांचा गुडघा तुझ्या हातात आहे, माझे हात कापू देऊ नकोस. एवढीच. बारा वर्षांत एकाही पेशंटने विचारलं नव्हतं. यांनी विचारलं. "ओठांत काय म्हणतेस गं?"

"आकडे मोजते. दहापर्यंत."

इतक्या झटकन मी आयुष्यात कधी खोटं बोलले नसेन.

गुरुवार, ६ मार्च

पासष्ट अंश.

काकांची मुलगी रोज येते. काचेच्या दारापलीकडे बसते आणि वहीत सगळं लिहिते — किती वाजता सुरू केलं, किती अंश, किती वेळ. बाप-लेक काचेतून काहीतरी बोलतही असतात. आवाज पोचत नाही, तरी दोघांचं छान चालतं. मला मात्र तिची ती वही बघून घाम फुटतो. 'फिजिओचे ओठ हलतात' असंही लिहिलं असेल का?

आम्हा सगळ्यांकडून एका कागदावर सही घेतली आहे. पेशंटशी धर्माबद्दल बोलायचं नाही. माझ्या आधी इथे होती तिने एका बाईंना बायबलमधलं शुभवर्तमान वाचून दाखवलं. तक्रार आली. दुसऱ्या दिवशी तिचं कपाट रिकामं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, वाईट नाहीत. पण नियम म्हणजे नियम.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये उपासनेनंतर आमचा छोटा गट बसला. पाळकांनी सगळ्यांना विचारलं, या आठवड्यात कुणाशी ख्रिस्ताबद्दल बोललात? शिंपीकाका दुकानात बोलले. एका आजींनी तर भाजी घेता घेता साक्ष दिली! माझी पाळी आली. "एका पेशंटशी जरासं बोलणं झालं," म्हटलं. सगळ्यांनी देवाची स्तुती केली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

घरी येताना नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "त्या आजींना भाजीवाला कामावरून काढणार आहे का?" हसलो दोघंही. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

बहात्तर! काका खूश. "तुझे दहा आकडे फार लांब असतात. माझे केव्हाच संपतात," म्हणाले.

मी म्हटलं, "मी हळू मोजते."

दुसरं खोटं.

शुक्रवार, १४ मार्च

गुडघा लाल, गरम. ताप. हात लावला तेव्हाच समजलं, व्यायाम थांबवला आणि सर्जनना बोलावलं. आत जंतू गेलेत. मंगळवारी पुन्हा उघडावा लागणार. काकांचं हृदयही धड नाही. भूल सोसेल का, हे सर्जनही छातीठोक सांगेनात.

माझ्या हातून काही चुकलं का? चारदा नोंदी तपासल्या. नाही. तरी पाचव्यांदा तपासल्या.

शनिवार, १५ मार्च

वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत गेले. घोटे हलवायचे, श्वासाचे व्यायाम शिकवायचे, एवढंच काम. काकांची थट्टा आटली होती. चादर मुठीत धरलेली. मी निघताना म्हणाले, "झोपवताना आकडे मोजायला लावतात ना? तुझे आकडे शिकव मला. तू मोजायचीस तेव्हा बरं वाटायचं."

दार उघडं होतं. बाहेर मोठ्या बाई कुणाशी तरी बोलत होत्या.

मी काय केलं? मी त्यांना एक ते दहा शिकवलं! प्रत्येक आकड्याला एक श्वास. म्हातारा माणूस शाळेतल्या मुलासारखा माझ्या मागून म्हणत होता.

काकांशी खोटं बोलण्याची ही तिसरी वेळ. प्रभूच्या शिष्यानेही भीतीने त्याला तीनदाच नाकारलं होतं. या आकड्याची मला लाज वाटते.

रविवार, १६ मार्च

उपासनेला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखत नाही. भीती वाटते. नोकरी जाण्याची वाटते, आणि तो माणूस परवा टेबलावर माझं खोटं म्हणत डोळे मिटेल याची त्याहून जास्त वाटते. नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन सांग. पुढचं पुढे बघू." त्याचाही आवाज बारीक झाला होता.

सोमवार, १७ मार्च

सांगितलं.

जिना चढून त्यांच्या खोलीत गेले. खुर्ची ओढून काकांच्या समोर बसले. म्हटलं, काका, ते आकडे नव्हते. मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी येशूकडे प्रार्थना करत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा नोकरीच्या भीतीने खोटं बोलले. तुम्ही काही मानावं असं माझं म्हणणं नाही. पण मी शिकवलेले आकडे घेऊन उद्या आत जाऊ नका, ते रिकामे आहेत.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

मागे वळले तर दारात मुलगी उभी. वही हातात. "झोपू दे त्यांना," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिला मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

कपाटातला डबा आणि छत्री आजच घरी घेऊन आले.

मंगळवार, १८ मार्च

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलेत! देवाचे उपकार. मला अजून बोलावणं नाही.

बुधवार, १९ मार्च

सकाळी मोठ्या बाईंचं बोलावणं. केबिनमध्ये मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी ती मुलगी आली होती. ऑपरेशननंतर तूच हवीस म्हणाली. वर जा, वाट बघतायत."

घशात नळी घातल्यामुळे काकांचा आवाज पार बसलाय. मला बघून ओठ हलवू लागले. मला काही कळेना. मुलगी शेजारून सांगू लागली — "मागांवर कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठ वाचतात. मीही घरी तशीच शिकले. बाबा म्हणतायत, पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आकड्यांत गुडघा कुठून येईल? हात कापू देऊ नकोस म्हणत होतीस. पोरी, तू माझ्याहून घाबरलेली दिसलीस, म्हणून थट्टा करत राहिलो. तू स्वतः सांगशील म्हणून विचारत होतो. परवा डोळे मिटून तुझी तीच प्रार्थना म्हणून पाहत होतो."

मग काकांनी आणखी काहीतरी म्हटलं. मुलगी जरा थांबली. वही खिडकीत ठेवली, दार लावून घेतलं, आणि माझी खुर्ची त्यांना माझं तोंड दिसेल अशी फिरवून दिली.

"आता आवाज काढून म्हण, म्हणतायत. मलाही ऐकायचंय."