'मदर' म्हणजे मी नव्हे

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तशी या घरात कोणाची प्राज्ञाही नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, काळजीचं काही कारण नाही," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा मी घरी येऊन कागद काढला.

वकीलसाहेब म्हणाले, शब्दांचे अर्थ आधी स्पष्ट करा, म्हणजे पुढे भांडणं होत नाहीत. त्यांना आमचं घर माहीत नाही. तरी करते.

या मृत्युपत्रात 'आई' म्हणजे मी. 'हे' म्हणजे माझे दिवंगत पती. 'मुलगा' म्हणजे माझ्याजवळ राहणारा, लग्न न केलेला. का नाही केलं ते त्यालाच विचारावं, मी विचारून थकले. 'मुलगी' म्हणजे त्याच्याहून मोठी, अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर दिलेली. आणि 'मदर' म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो मोठा हिरवा बोर्ड, ज्याच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जो आहे, ज्याला सगळे स्क्रू म्हणतात, तो त्या बोर्डाला मदर म्हणतो, म्हणून आमच्या घरातही तोच शब्द पडला. आई आणि मदर यांची गल्लत करू नये. एकदा झाली आहे आणि ती आम्ही अजून निस्तरतो आहोत.

कलम पहिले. घर. हे राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. मधे भिंत घालू नये. न्हाणीघर एकच आहे, त्याची वाटणी कशी करणार ते मला सांगायला कोणी शिल्लक राहणार नाही, म्हणून आत्ताच सांगते: घालू नये.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते दोघांत सारखं. त्यावरून कोर्टात जावंसं वाटलं तर आधी पासबुक बघावं, म्हणजे रिक्षाभाडं वाचेल.

कलम तिसरे. माझी पायाची शिलाई मशीन मुलीला. मोटारीची मुलाला, कारण बटणं तुटली की तो शर्टाला पिन लावून कामावर जातो आणि लोक मला नावं ठेवतात. टेप, खडू, पट्ट्या ज्याला हव्यात त्याला. मोठी कात्री कोणालाच नाही. ती वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा "दोन मिनिटं" म्हणून नेली आणि कागद कापायला वापरली. कापडाच्या कात्रीने कागद! धार गेली ती गेलीच. त्या बाईंना ही कात्री द्यावी, आणि देताना काही बोलू नये. त्यांना कळेल. नाही कळलं तर बोलावं.

कलम चौथे. माझी नणंद पस्तीस वर्षं म्हणत आली, "वहिनी, तुझ्या हातचं सगळं छान, फक्त काखेत काचतं." तिच्या मापाचा एक ब्लाउज कपाटात खालच्या कप्प्यात आहे. त्यात काखेत एवढी माया सोडली आहे की आतून आणखी एक नणंद निघेल. तो तिला द्यावा. तिने जे केलं त्याबद्दल मी तिला माफ केलं आहे. काय केलं ते तिला माहीत आहे.

कलम पाचवे. कॉम्प्युटर. हे कलम मोठं आहे. वकीलसाहेबांनी मधे जांभया देऊ नयेत.

आमच्या घरचा पहिला कॉम्प्युटर ह्यांनी विकत आणला नव्हता, जोडला होता. कोणाची पेटी, कोणाचा पडदा, कुठल्या तरी बंद पडलेल्या कचेरीतला कीबोर्ड. याच टेबलावर दोघा पोरांना दोन बाजूंना बसवून ह्यांनी तो उभा केला. पुढे ह्यांच्या माघारी त्याच पेटीत मुलाने दोनदा आतलं सामान बदललं. मी त्यावर कटिंगचे नमुने काढायला शिकले. डोळे अधू झाले तसा मोठा पडदा मला देवासारखा वाटायला लागला. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत, लग्नाआधीची आणि नंतरचीही.

तर एके दिवशी मदर जळली. मुलाने स्क्रूला निरोप लिहिला. तो निरोप मला तोंडपाठ आहे, कारण तो पुढे गल्लीत सगळ्यांनी वाचला. "मदर गेली. सकाळपासून तापली होती, लक्ष दिलं नाही. वास आला तेव्हा कळलं. बाकीचे पार्ट चांगले आहेत, काढून ठेवलेत. उद्या दुसरी बघतो."

हा निरोप स्क्रूला न जाता बहिणीला गेला.

मुलीने पहिले दोन शब्द वाचले आणि फोन हातातून टाकला. बाकीचं जावईबापूंनी वाचलं. "पार्ट काढून ठेवलेत" इथे तेही जरा थबकले, पण म्हणाले, दान केले असतील डोळे वगैरे, तुझा भाऊ तसा पुढारलेला आहे. भला माणूस. दोघं मिळेल त्या बसने निघाली. जावईबापूंनी वाटेत मोठा हार घेतला.

मी दार उघडलं तेव्हा गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. मुलगी किंचाळली, "आई!" आणि तिथेच मटकन खाली बसली. मला बोलायचं होतं, पण तोंडात टाचण्या असताना बोलायचं नसतं हे मीच शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना शिकवते. मी नुसती हातवारे करत उभी. शेजारीपाजारी गोळा झाले. जावईबापू हार धरून असे उभे, की घालावा की लपवावा ते कळेना. शेवटी मीच घेतला. चांगल्या फुलांचा होता, दाराला बांधला.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे आणि मीही हसते. पण मुलगा आतून आला, त्याला प्रकार कळला आणि तो खो-खो हसायला लागला. बहिणीचे डोळे रडून सुजलेले. ती म्हणाली, "हसतोस काय? तुझं आईकडे लक्षच नसतं. उद्या खरंच काही झालं तर तू असंच लिहिशील."

तो म्हणाला, "मी निदान घरात असतो. तुला मात्र यायला आई मरावी लागली."

मग कोणी हसलं नाही. मुलगी उठली, म्हणाली, "माझं इथे काय आहे ते दे, मी जाते." तिला म्हणायचं होतं पर्स. मुलाने टेबलावरचे काढून ठेवलेले पार्ट उचलले, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क, आणि तिच्या हातात कोंबले. "घे. हा तुझा वाटा." आणि तीही रागाने ते घेऊन गेली. दोघं एकाच पोटची आहेत याबद्दल मला कधी शंका नव्हती, त्या दिवशी तर मुळीच नाही.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मुलगी आता दर महिन्याला येते. तेवढा त्या टोमण्याचा उपयोग झाला. पण तो कामावर असताना येते आणि तो यायच्या आत जाते. तो विचारतो, "आली होती का?" मी म्हणते, "तूच विचार ना." तो म्हणतो, "भाजीत मीठ कमी आहे." त्या दिवशी तो असं का बोलला हे मला माहीत आहे. बहीण महिनोन्‌महिने आली नव्हती, तर वाट मी एकटीच बघत नव्हते. पण हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही आणि ती मरेपर्यंत विचारणार नाही. दोन्हीकडचे निरोप इकडून तिकडे नेता नेता माझी नुसती वायर झाली आहे.

कलम सहावे. नवा कॉम्प्युटर. याचा बेत पूर्ण झाला आहे. मी गेले काही आठवडे स्क्रूच्या दुकानात स्टुलावर बसून तो केला. स्क्रू म्हणाला, "काकू, नवाच घ्या ना, कशाला जुन्याच्या मागे लागता?" मी म्हटलं, "बाबा, आयुष्यभर मी लोकांच्या साड्यांचे पडदे आणि पडद्यांचे फ्रॉक केले. जे चांगलं आहे ते टाकायचं नाही." तो म्हणाला, जुन्या प्रोसेसरला आजकालची मदर चालत नाही, जुन्या रॅमची खाचसुद्धा नव्या जागेत बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. मग त्याने कुठून तरी त्याच जातीची, वापरलेली पण धडधाकट मदर मिळवली. दुसऱ्या घरून आलेली आहे, म्हणजे सावत्रच म्हणायची. पण तो म्हणाला, "सांभाळून घेईल, काकू." ती माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

तेव्हा हिशेब असा. मदर माझ्याकडे. पेटी, पंखा, पडदा आणि कीबोर्ड मुलाकडे, माळ्यावर. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क मुलीकडे. वीज देणारा डबा तेवढा नवा घ्यावा. स्क्रू म्हणतो बाकी सगळं जुनं चालेल, पण जुना डबा एखाद्या दिवशी सगळ्यांना घेऊन जातो. मी त्याला म्हटलं, पटलं, जुन्या कापडालाही दोरा नवाच लागतो.

माझी इच्छा, आणि वकीलसाहेब म्हणतात तसं लिहायचं तर माझी अट, अशी: हा कॉम्प्युटर दोघांनी याच टेबलावर बसून जोडावा. एकाने दुसऱ्याकडे कुरिअरने पार्ट पाठवल्यास घराचा हिस्सा रद्द. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बाण आणि मदरवरचा बाण एका बाजूला यायला हवा. प्रोसेसरवर, पंख्याच्या खाली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावतात, ती मटारच्या दाण्याएवढीच लावावी. मुलाला सगळं थापायची सवय आहे, तिने लक्ष ठेवावं. रॅम खाच बघून बसवावी. मुलीला सगळं दाबून बसवायची सवय आहे, त्याने लक्ष ठेवावं. पंखा बसवताना एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचे, समोरासमोरचे आधी. हे एकट्याने होत नाही. मी दुकानातल्या स्क्रूला मुद्दाम विचारलं की एकट्याने होईल का. तो म्हणाला, होतं. मी म्हटलं, मग एकट्याने होणार नाही असा पंखा दाखव. तो मोठा पंखा मी घेतला आहे. मुलाच्या माळ्यावरचा छोटा पंखा स्क्रूला द्यावा.

वकीलसाहेबांनी पुढचं वाक्य काढू नये. मला माझी दोन्ही मुलं एका खोलीत हवी आहेत. मला फार वाईट वाटतं, जेवताना तर फारच.

कलम सातवे. साक्षीदार. इथवर लिहून मी वकीलसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता दोन साक्षीदार हवेत. दोघांनी एकत्र बसून, तुम्हाला सही करताना बघून, मग आपली सही करायची.

मी विचारलं, "एकत्र? एका टेबलाशी?"

"हो. मी तरी तसाच आग्रह धरतो."

मला आधी का नाही सांगितलं! मेल्यावर पोरांना एका टेबलाशी बसवायच्या एवढ्या खटपटी मी करत बसले, आणि यांचा कायदा जिवंतपणीच बसवायला तयार. मी म्हटलं, "मग मुलगा आणि मुलगी."

ते एकदम ताठ बसले. "आई, तसं करू नका. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी हरकत घेतली तर दोघांचेही हिस्से धोक्यात येतील. या कागदाची किंमत राहणार नाही."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, मला कागद नकोय."

दोघांना मी वेगवेगळे फोन करून आज बोलावलं. दुसरं कोण येणार ते सांगितलं नाही. आत्ता दोघं माझ्या दोन बाजूंना बसलेली आहेत आणि दोघंही साखरेच्या डब्याकडे बघत आहेत. वकीलसाहेबांनी त्यांना धोका नीट समजावून सांगितला. मी म्हटलं, "ज्याला आपला वाटा जपायचा आहे त्याने उठावं, मी वरच्या बाईंना बोलावते." मुलाने खुर्ची हलवली. मला वाटलं उठला. त्याने ती पुढे ओढली. मुलीने पदराने नाक पुसलं आणि बसून राहिली.

म्हणून हे मृत्युपत्र, वकीलसाहेबांच्या सांगण्याविरुद्ध आणि माझ्या मर्जीने, यांच्याच साक्षीने पुरं करत आहे.

ठिकाण: स्वयंपाकघर.
तारीख: वकीलसाहेब घालतील. वार मंगळवार.

मृत्युपत्र करणारी: आई. (सही)

साक्षीदार पहिला: मुलगा. (सही)

साक्षीदार दुसरी: मुलगी. (सही अर्धीच आहे. कारण खाली.)

वकीलसाहेब म्हणतात, सह्यांच्या खाली काही लिहायचं नसतं. लिहिते. मुलीचं पेन उठेना. तिने ते झटकलं, कागदावर गिरवलं, श्वासाने गरम केलं. मग साखरेच्या डब्याकडेच बघत म्हणाली, "पेन दे."

मुलाने आपलं पेन दिलं आणि म्हणाला, "नीट धर. गळतं ते."

ती म्हणाली, "मला सांगतोस? माझंच आहे ते. शाळेत असताना पळवलं होतंस."

"पळवलं? तूच दिलं होतंस!"

"मी? कधी?"

आता दोघं कडाकडा भांडताहेत, सही अर्धी राहिली आहे, आणि वकीलसाहेब मला खुणावताहेत की यांना थांबवा. मी थांबवणार नाही.