नको असलेली पगारवाढ

५ जाने.
१. पगारवाढीचं पत्र मिळालं. गिरणीच्या प्रयोगशाळेत चौघांपैकी मला एकटीला.
२. नवा पगार कामगार विम्याच्या मर्यादेच्या वर जातो. थोडासाच.
३. आईची संधिवाताची औषधं याच विम्यातून येतात. नियमानं या डिसेंबरपर्यंत मिळतील, मग नाही.
४. औषधं बाहेरून घेतली तर खर्च वाढीच्या तिप्पट.
५. आईला सांगितलं नाही.

८ जाने.
सरकारी आरोग्य कार्डाची चौकशी केली. दवाखान्यात भरती झालं तर चालतं. आई भरती होत नाही, रोज एक गोळी घेते.
शेजारच्या रंजनाताई आमच्याच गिरणीत सूतखात्यात आहेत. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मायनं खाटेवर पडाव का? तवा देतीन?"
खाजगी पॉलिसीवाला: जुना आजार, तीन वर्षं थांबा.

१२ जाने.
मॅनेजर सरांना भेटले. "लोक वाढ मागायले येतात, तू वापस करायले आली?" सर हसले. मग हळूच, "नाही म्हणशील तर हेड टेक्निशियनच्या जागेसाठी तुझं नाव पुढे कसं पाठवू?"
ती जागा मला हवी आहे. इथे एकदा लिहून ठेवते.

१५ जाने.
सकाळी आईच्या हातून कप सुटला. थंडीमुळे असेल.

१८ जाने.
थंडीमुळे नव्हतं. गोळ्या मोजल्या. एक तारखेला तीस आणल्या होत्या. आज रात्रीची घेतल्यावर बारा उरायला हव्यात. सतरा आहेत. आईला विचारलं.
"रंजना मले विम्याचं बोलली त्या दिवसापासून एक दिवस आड खाऊन राह्यली. पुढं कामी येतीन."
"मला विचारायचं तरी."
"तू मले सांगतलं होतं का?"
मी गोळ्या परत डबीत भरल्या.
मग आई म्हणाली, "माह्या बोटांपायी पगार कमी नोको करू. लोक हासतीन."
दिवसभर मी सुताचे धागे तुटेपर्यंत ताणते, कितव्या वजनाला तुटतात ते लिहिते. तिची बोटं हातात घेतली. लगेच सोडली, दुखत होती.

१९ जाने.
आईनं माझ्यासमोर गोळी घेतली. तोंड उघडून दाखव, असं म्हणवलं नाही.
दुपारी अर्ज दिला. नक्कल:

महोदय,
मला दिलेली पगारवाढ लागू करू नये, पगार आहे तोच ठेवावा. कारण: आईचे औषधोपचार कामगार विम्यावर अवलंबून आहेत. यामुळे हेड टेक्निशियनच्या पदासाठी माझा विचार थांबणार असल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे. पगारपत्रक २५ तारखेला निघते. कृपया २४ जानेवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावे.